अश्वत्थाम्याची जखम : मूळ ग्रंथात नसलेली, तरीही न भरणारी

औदुंबर (धागालेखक)

गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या मुलीला अभ्यंगाचे तेल लावण्याआधी आईने नेहमीप्रमाणे जमिनीवर तेलाची सात बोटे उमटवली आणि ‘अश्वत्थामा बलिर्व्यासो हनूमांश्च बिभीषणः’ हा श्लोक म्हटला. मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला महाभारताची गोष्ट नुकतीच सांगून झाली होती. तिने विचारले, की बाकीच्यांचे ठीक आहे, पण झोपलेल्या मुलांना मारणाऱ्या माणसाला आपण तेल का द्यायचे? आईचा हात वाटीतच थांबला आणि मग ती म्हणाली, “त्याची जखम अजून ओली आहे ना, म्हणून.”

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी महाभारतातले सौप्तिकपर्व पुन्हा वाचायला घेतले आणि लक्षात आले, की आईने सांगितलेली जखम तिथे नाहीच. त्या रात्रीच्या संहारानंतर त्याने सोडलेल्या ब्रह्मशिर अस्त्राचा प्रसंग संपल्यावर अश्वत्थामा आपला मणी स्वतः पांडवांच्या स्वाधीन करतो. तो मणी जवळ असणाऱ्याला शस्त्राचे, रोगाचे आणि भुकेचे भय राहत नाही, असे तोच सांगतो. कृष्णाचा शाप आहे तो तीन हजार वर्षे एकट्याने, कोणाशीही बोलणे न होता, निर्जन प्रदेशांतून भटकण्याचा, आणि अंगाला पू व रक्ताचा दर्प येत राहण्याचा. कपाळावर भोक पडल्याचा उल्लेख नाही, तेलाचा नाही आणि चिरंतन आयुष्याचाही नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात अर्जुन तलवारीने त्याचे केस मण्यासकट कापून घेतो. म्हणजे तिथे प्रथम मणी ‘दिला’ जात नाही, ‘काढला’ जातो. त्यापुढे लोकांच्या तोंडी गोष्ट आणखी वाढली. मणी कपाळात रुतलेला झाला, तो उपटल्यावर जखम झाली, जखम वाहू लागली, आणि तिच्यावर घालायला तेल मागत दारोदार फिरणारा एक माणूस आपल्या घराघरांतल्या गोष्टींमध्ये आला. तीन हजार वर्षांची मुदतही कधीतरी गळून पडली आणि तो चिरंजीवांच्या यादीत पहिला होऊन बसला.

माझ्या मते ही जखम सांगणाऱ्यांच्या चुकीतून आलेली नाही. ज्या समाजाला पिढ्यानुपिढ्या लढाया, दुष्काळ, साथी आणि बेपत्ता माणसे सोसावी लागली, त्याला संपलेल्या युद्धाचे न संपलेले दुःख ठेवायला एक शरीर हवे होते, आणि ते त्याने या पात्रात शोधले. म्हणूनच विसाव्या शतकातल्या लेखकांना युद्धानंतरच्या माणसाविषयी लिहायचे झाले, तेव्हा त्यांचा हात पुन्हा याच पात्राकडे गेला.

सर्वांत ठळक उदाहरण धर्मवीर भारतींच्या ‘अंधा युग’चे आहे. हे हिंदी काव्यनाटक १९५४ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे फाळणीला सात वर्षे आणि हिरोशिमाला नऊ वर्षे झाली होती. भारती पुढे १९६० मध्ये ‘धर्मयुग’चे संपादक म्हणून मुंबईला आले. सत्यदेव दुबे यांनी ते १९६२ मध्ये मुंबईत रंगमंचावर आणले आणि पुढच्याच वर्षी इब्राहिम अल्काझींनी दिल्लीत फिरोजशहा कोटल्याच्या भग्न तटबंदीत त्याचा प्रयोग केला. नाटक सुरू होते ते अठराव्या दिवसाच्या संध्याकाळी. युद्ध प्रेक्षकाला दिसतच नाही, दिसतात ती त्याच्यानंतरची माणसे. ओस पडलेल्या राजवाड्याच्या सज्जात दोन पहारेकरी फेऱ्या घालत आहेत आणि राखण्यासारखे काही उरलेले नाही, हे त्यांना पुरते कळलेले आहे. युधिष्ठिराच्या अर्धसत्याने आपल्यातले जे कोवळे होते ते मारले, असे तिथला अश्वत्थामा म्हणतो. आणि वध ही आता आपल्यासाठी नीती राहिली नसून मनोग्रंथी झाली आहे, अशी कबुली देतो. ‘मनोग्रंथी’ हा आधुनिक मानसशास्त्राचा शब्द भारतींनी एका पौराणिक पात्राच्या तोंडी सरळ घातला आणि तो तिथे खटकत नाही, याचे मला प्रत्येक वाचनात आश्चर्य वाटते. ब्रह्मास्त्र सुटल्यावर व्यास पुढच्या पिढ्यांत जन्मणाऱ्या विकृत मुलांविषयी बजावतात, तेव्हा अणुबॉम्बचे नाव घेण्याची गरज उरत नाही.

मराठी कादंबरीने मात्र अश्वत्थाम्यापेक्षा कर्णाला जवळ केले. ‘मृत्युंजय’ (१९६७) मध्ये अश्वत्थामा आहे, पण कर्णाचा मित्र म्हणून. मला वाटते, कर्णाचे दुःख वाचकाला सोसवते, कारण ते पूर्ण होते. त्याला रणात मृत्यू येतो, आणि स्त्रीपर्वाच्या शेवटी गंगेकाठी तर्पण चाललेले असताना कुंती तो आपला थोरला मुलगा असल्याचे सांगते, म्हणजे उशिरा का होईना त्याच्या नावाने पाणी सुटते. अश्वत्थाम्याच्या नावाने पाणी सोडता येत नाही, तो मेलेलाच नाही. अशा अपुऱ्या दुःखाकडे आपल्या कथावाङ्मयाने कसे पाहिले, याविषयी तुम्हा सर्वांचे वाचन आणि अनुभव जाणून घ्यायला आवडेल.

अनुष्टुभ

औदुंबर, तुमचे मूळ निरीक्षण बरोबर आहे, परंतु तुमच्या मुलीच्या प्रश्नातल्या एका तपशिलाची दुरुस्ती करावीशी वाटते. सौप्तिकपर्वात द्रौपदीचे पाचही मुलगे झोपेत मरत नाहीत. द्रौपदीचा भाऊ आणि द्रोणांना मारणारा धृष्टद्युम्न मारला गेल्याचा गलबला ऐकून ते जागे होतात, धनुष्ये उचलतात आणि लढून मरतात. प्रतिविंध्यापासून एकेकाचा अंत कसा झाला, हे तिथे वेगवेगळे सांगितले आहे. झोपलेल्या मुलांची शिरे कापल्याचे वर्णन भागवतात येते. म्हणजे जखम जशी मागाहून आली, तसा गुन्हाही मागाहून अधिक काळा होत गेला. दोन्ही गोष्टी एकत्रच वाढल्या आहेत, आणि एकीशिवाय दुसरीचा विचार करता येणार नाही.

त्या रात्री झोपेत सापडला तो धृष्टद्युम्न, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या पर्वाची किल्ली त्याच्या मृत्यूत आहे. अश्वत्थामा त्याला लाथांनी उठवतो, केस धरून जमिनीवर रगडतो आणि पशूला मारावे तसा मारू लागतो. धृष्टद्युम्न विनवतो, की मला शस्त्राने मार, म्हणजे मी पुण्यलोकी जाईन. अश्वत्थामा नकार देतो. गुरूला मारणाऱ्याला कुठलाही लोक नाही, असे म्हणतो आणि टाचांच्या घावांनी त्याचा प्राण घेतो. त्याने शत्रूचा जीव तर घेतलाच, शिवाय परंपरेने योद्ध्याला देऊ केलेला मृत्यूही हिरावून घेतला. कृष्णाचा शाप या कृत्याशी ताडून पाहा. ज्याने दुसऱ्याला रीतीचा मृत्यू मिळू दिला नाही, त्याला तीन हजार वर्षे मृत्यूच मिळणार नाही. आधुनिक लेखक बहुधा पित्याच्या वधापासून सुरुवात करून थेट सूडावर येतात आणि हा नकार वगळतात, त्यामुळे शिक्षा निष्कारण क्रूर वाटू लागते.

महाभारताला रीतीच्या मृत्यूची किती काळजी आहे, ते लगेच पुढच्या स्त्रीपर्वात दिसते. धृतराष्ट्र विचारतो तेव्हा युधिष्ठिर मृतांची संख्या १६६ कोटी २० हजार सांगतो. ती अर्थातच काव्यातली संख्या आहे. पण तिच्या पाठोपाठ येणारा प्रश्न अगदी व्यवहारातला आहे : ज्यांचे कोणीच नाही, त्यांचे अंत्यसंस्कार कोण करणार? मग विदुर नाना देशांहून आलेल्या त्या अनाथ प्रेतांच्या हजारोंनी राशी करून, तूप आणि लाकडे घालून त्यांना अग्नी देतो. महामारीच्या काळात ज्यांनी स्मशानाबाहेर रांगा पाहिल्या, त्यांना हे दोन श्लोक वाचून पुढे जाता येणार नाही. मला तरी आले नाही.

शमा

सर्व प्रतिसाद मनापासून वाचले. माझी एक हरकत आहे आणि ती स्पष्टपणे मांडते. या धाग्यावर आतापर्यंत ज्याच्या जखमेविषयी आपण इतक्या आस्थेने बोललो, तो मारणारा आहे. ज्या बाईची पाच मुले, भाऊ आणि माहेरची माणसे एका रात्रीत गेली, तिचा उल्लेख फक्त ‘द्रौपदीचे मुलगे’ असे म्हणताना आला. कथावाङ्मयाचीही हीच सवय आहे. लेखकाला गुन्हेगाराच्या मनाची गुंतागुंत आकर्षक वाटते, आणि जिच्यावर आघात झाला तिचा शोक एका विलापात आटोपतो.

ग्रंथांनी तिला इतके गप्प ठेवलेले नाही. सौप्तिकपर्वातली द्रौपदी बातमी कळताच प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून प्राणत्यागाला, बसते. अश्वत्थाम्याला त्याच्या पापाचे फळ मिळाले नाही, तर मी इथेच प्राण सोडीन, असे ती सांगते, आणि मणी हाती येईपर्यंत उठत नाही. भागवतातली द्रौपदी मात्र बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला सोडा म्हणते, कारण मुले गेल्याने मी जशी रडते आहे तशी याची आई गौतमी रडू नये. या दोन स्त्रियांमध्ये मोठे अंतर आहे. एकीला न्याय हवा आहे, दुसरीला आणखी एका आईचा शोक नको आहे, आणि कीर्तनकारांनी, कथेकऱ्यांनी बहुतेक वेळा दुसरीच उचलली, कारण क्षमा करणारी स्त्री ऐकायला सोपी जाते. आज कोणी कादंबरी लिहिणार असेल, तर तिने पहिली द्रौपदी लिहावी, असे मला फार वाटते. आपल्या मुलांना मारणाऱ्याच्या डोक्यावरचा मणी नवऱ्याच्या मस्तकावर चढलेला पाहताना तिला काय वाटले असेल, याविषयी व्यासांनी जागा मोकळी ठेवली आहे.

भैरप्पांच्या ‘पर्व’ने (मूळ कन्नड, १९७९, मराठीत उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे आपल्या परिचयाचे) एक वेगळी वाट धरली. त्यात दिव्य अस्त्रे नाहीत, चमत्कार नाहीत. रणभूमीवर सडणारी प्रेते, दुर्गंधी, माश्या आणि मागे राहिलेल्या स्त्रिया आहेत. मिथकातला दैवी भाग काढून घेतल्यावर आघात उघडा पडतो, तसा तो मला त्या कादंबरीत दिसला. पण देवच काढून टाकले की जाब कोणाला विचारायचा, हाही प्रश्न उरतो. गांधारीला शाप द्यायला निदान समोर कृष्ण तरी होता.

तापीकाठ

मी नंदुरबार जिल्ह्यातला आहे, म्हणून या चर्चेत आमच्याकडचा अश्वत्थामाही यावा असे वाटले. सातपुड्यात धडगाव तालुक्यात अस्तंबा नावाचा डोंगर आहे, उंची सुमारे १,३२५ मीटर. धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, महाराष्ट्रासह गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही माणसे येतात आणि त्यांत आदिवासी बांधव मोठ्या संख्येने असतात. तळोद्याकडून पायी निघायचे, रात्री चालायचे आणि पहाटे शिखरावर पोहोचायचे, अशी रीत आहे.

मी दोनदा गेलो आहे. शेवटची चढण अंगावर येणारी आहे, वाट अरुंद, एका बाजूला दरी, आणि पुढच्या माणसाच्या टाचेवर नजर ठेवून चालावे लागते. मधूनच जयघोष होतो आणि तो डोंगराच्या दुसऱ्या अंगाने परत येतो. तिथे त्याला कोणी खुनी म्हणत नाही, तो ‘अस्तंबा ऋषी’ आहे. तो डोंगरात हिंडतो, जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असे सांगतात. माझ्यासोबत चाललेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी सौप्तिकपर्वातली गोष्ट विचारली. त्यांना ती ठाऊक होती. ते म्हणाले, “केलं त्यानं. म्हणून तर अजून चालतो.” आणि मला हात धरून पुढच्या दगडावर घेतले.

शमाताई, तुमच्या हरकतीला हे उत्तर नाही, ते मला माहीत आहे. पण पुस्तकातल्या अश्वत्थाम्याला शिक्षा भोगण्यापलीकडे काही काम नाही, आणि आमच्या डोंगरातल्याला आहे : रात्री चालणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याचे. शहरात लिहिलेल्या कोणत्याही नाटककादंबरीत हा अश्वत्थामा मला अजून भेटलेला नाही.

निर्मोही

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे एक सावधगिरी सुचवते. मोठ्या आघातानंतर उरणाऱ्या त्रासाला आज जे निदानाचे नाव आहे, ते अमेरिकेतल्या अधिकृत नियमावलीत १९८० साली आले, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा वाटा होता. त्याच सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांनी १९९४ मध्ये ग्रीक महाकाव्यातला अकिलीज आणि आपले रुग्ण यांची तुलना करणारे पुस्तक लिहिले. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता, की केवळ भीतीने माणूस मोडत नाही. जे योग्य आहे त्याचा विश्वासघात आपल्याच वरिष्ठाने केला की तो मोडतो. धर्मराज म्हणवणाऱ्या माणसाच्या तोंडून निघालेले अर्धे वाक्य आठवले, तर हा मुद्दा आपल्याला परका वाटणार नाही.

तरीही अश्वत्थाम्यावर निदानाची चिठ्ठी चिकटवू नये. माझ्याकडे येणारे लोक निदान ऐकून जितके मोकळे होत नाहीत, तितके एखादी गोष्ट ऐकून होतात, कारण गोष्टीत त्यांना स्वतःविषयी काही कबूल करावे लागत नाही. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधले द्रोण आणि अश्वत्थामा यांच्यावरचे प्रकरण मी या दृष्टीने पुन्हा वाचले. त्या बापलेकांना त्या दयेने पाहत नाहीत, त्यांची चूक चूक म्हणून मांडतात, आणि तरी वाचून झाल्यावर तो मुलगा आपल्याजवळ राहतो. समजून घेणे आणि सोडून देणे या दोन गोष्टी त्या वेगळ्या ठेवू शकल्या. शमाताईंना अपेक्षित असलेले लेखन याच वाटेने होऊ शकेल, असे वाटते.

धुनी

मी फार वाचलेली नाही, पण औदुंबर यांच्या आईंच्या त्या सात बोटांनी मला लिहायला लावले.

माझ्या आजीच्या थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे मोठीआई म्हणत. त्यांचे यजमान दुसऱ्या महायुद्धात लष्करात होते आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परत आले नाहीत. मृत्यूची तार आली नाही, नाव कैद्यांच्या यादीतही मिळाले नाही. मोठीआई कुंकू लावत राहिल्या. बारा वर्षे झाल्यावर घरच्या वडीलधाऱ्यांनी शास्त्राप्रमाणे पालाशविधी केला. पळसाच्या देठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. आजी सांगत असे, की मोठीआईंनी त्या दिवशी सगळा स्वयंपाक केला, वाढले, पण अग्नी द्यायच्या वेळी त्या गोठ्यात जाऊन बसल्या आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हते. कोणी काही बोलले नाही.

पण दिवाळीत मुलांना तेल लावायचे काम शेवटपर्यंत त्यांच्याकडे होते. त्या सात बोटे उमटवून श्लोक म्हणत, आणि मग थोडे अंतर सोडून, काही न म्हणता, आठवे बोट टेकवत. लहानपणी मला वाटे, की सगळ्यांच्याच घरी आठ असतात. लग्नानंतर सासरी मी आठवे बोट उमटवले तेव्हा सासूबाईंनी विचारले, हा कोणाचा? मला सांगता आले नाही. म्हणून मी आजीला पत्र लिहून विचारले आणि मग ही हकीकत कळली.

औदुंबर

धुनीताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

अनुष्टुभ, दुरुस्तीबद्दल आभार; मुलीला ती सांगितली आहे. तिचा पुढचा प्रश्न असा, की ती मुले जागी होती, तर मग त्यांना भीती वाटली असेल ना? शमाताई, तुम्ही म्हणता ती कादंबरी कोणी लिहिलीच, तर तिने या प्रश्नापासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

एक गोष्ट आपण सगळेच विसरलो, ती नोंदवून ठेवतो. अश्वत्थाम्याचे अस्त्र शेवटी उत्तरेच्या गर्भावर पडले. मेलेला जन्मलेला आणि कृष्णाने जिवंत केलेला तो परीक्षित पुढे तक्षकाच्या दंशाने मरतो, त्याचा मुलगा जनमेजय सूडासाठी सर्पसत्र मांडतो, आणि त्याच सत्रात, साप आगीत पडत असताना, वैशंपायन त्याला सगळे महाभारत सांगतो. गर्भात अस्त्र लागलेल्या मुलाच्या मुलाला ही कथा प्रथम ऐकवली गेली आहे, आणि ती ऐकत असताना त्याच्या हातून आणखी एक संहार चाललेला आहे. तो कथेने थांबत नाही. आस्तिक नावाचा एक लहान मुलगा, ज्याची आई नागकुळातली आहे, येऊन मागणे मागतो तेव्हा थांबतो.

तापीकाठ, येत्या धनत्रयोदशीला अस्तंब्याला यायची इच्छा आहे. आई तेलाची बाटली बरोबर देणार आहे. चढण तिला झेपणार नाही, पण तळोद्यापर्यंत येईन म्हणते.

तापीकाठ

अवश्य या. आईंना आमच्या घरी ठेवू. रात्री थंडी फार असते, घोंगडी इथे मिळेल. आणि तेल काचेच्या बाटलीत देऊ नका, शेवटच्या चढणीला दोन्ही हात मोकळे लागतात.